माउस पॅथॉलॉजी आणि फिनोटायपिंग नव्याने शिकताय? आधी नॉर्मल उंदीर बघायला शिका

मागच्या वर्षी पीएचडीची एक मुलगी स्लाइड्सचा डबा घेऊन माझ्याकडे आली, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, म्हणाली मॅडम आमच्या नॉकआउटला (म्हणजे एक जीन बंद पाडलेल्या उंदराला) ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर, होतोय. स्प्लीनची (प्लीहेची) स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली तर रेड पल्पमध्ये (तिच्या रक्ताने भरलेल्या भागात) मोठमोठ्या मेगाकॅरिओसाइट (प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी), लाल पेशींच्या पूर्वजांचे घडच्या घड, सगळं गजबजलेलं. मोठ्या माणसाच्या स्प्लीनमध्ये असं दिसलं तर डॉक्टर काळजीत पडेल, पण उंदराची स्प्लीन म्हातारपणापर्यंत रक्त बनवतच असते, निरोगी असला तरी. मी विचारलं कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या, जीन न बदललेल्या उंदराची स्प्लीन कुठाय? तर म्हणाली कंट्रोल नॉर्मलच होते ना मॅडम, म्हणून त्यांचे ऑर्गन ठेवलेच नाहीत.

तिला कोणी शिकवलंच नव्हतं, मग तिला कसला दोष देणार. आपल्याकडे मेडिकल कॉलेजचा पॅथॉलॉजिस्ट माणसाच्या स्लाइड वाचतो, व्हेटर्नरी कॉलेजवाला गाय, म्हैस, कोंबडी, कुत्रा बघतो, आणि उंदीर या दोघांच्या मधे कुठेतरी राहून जातो. मी स्वतः व्हेटर्नरीवाली, गेली बरीच वर्षं रिसर्चच्या मुलांना उंदीर कापायला, वाचायला आणि जीन बदलल्यावर त्याच्यात काय बदललं ते शोधायला (हेच फिनोटायपिंग) शिकवते, तर दरवर्षी जे तोंडी सांगते ते एकदा क्रमाने लिहून काढतेय. बायोलॉजी, बायोटेक, फार्मसी कुठूनही आला असाल तरी चालेल.

पायरी पहिली, तुमचा उंदीर नक्की कोण ते शोधा

"आमच्याकडे ब्लॅक सिक्स आहे" एवढं उत्तर पुरत नाही. ब्लॅक सिक्स म्हणजे सी५७बीएल/६, ही जात १९२१ च्या सुमारास सी. सी. लिटल यांनी सुरू केली, पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बरला त्यांनीच जॅक्सन लॅबोरेटरी काढली. आज तिचे दोन मोठे फाटे आहेत, जे आणि एन, आणि बाहेरून दोघं सारखेच काळे. पण जे च्या एनएनटी नावाच्या जीनमधला एक तुकडा गळालाय, त्यामुळे त्याची साखर हाताळायची ताकद मुळातच वेगळी, आणि एन मध्ये सीआरबी१ जीनचं आरडी८ म्युटेशन बसलंय, त्याने रेटिनावर डाग येतात. हे आरडी८ प्रकरण २०१२ मध्ये नीट उघड झालं तेव्हा डोळ्यावर काम करणाऱ्या कितीतरी लोकांना आपले जुने निकाल परत तपासावे लागले. आता विचार करा, तुमचा नॉकआउट एन च्या स्टेम सेलपासून बनलेला, तुम्ही तो जे बरोबर एकदोन वेळा क्रॉस केला, आणि कंट्रोल म्हणून बाहेरून विकत आणले शुद्ध जे. जो फरक दिसेल तो तुमच्या जीनचा की या भानगडीचा हे कोण सांगणार? म्हणून कंट्रोल लिटरमेटच घ्यायचा, म्हणजे त्याच आईच्या त्याच वेतातला भाऊ किंवा बहीण.

बाकीच्या स्ट्रेनचेही (उंदरांच्या जातींचेही) असेच स्वभाव आहेत. एफव्हीबी आणि बहुतेक सी३एच उंदरांत आरडी१ म्युटेशन असतं, आईपासून तोडायच्या वयापर्यंत त्यांच्या रेटिनातले प्रकाश ओळखणारे रॉड जवळपास संपलेले असतात. असा उंदीर वॉटर मेझमध्ये (पाण्यात पोहत वाट लक्षात ठेवायच्या टेस्टमध्ये) सोडला तर तो भिंतीवरच्या खुणा बघूच शकत नाही, आणि लोक मेमरी गेली म्हणून लिहून मोकळे होतात. डीबीए/२ आणि बाल्ब/सी च्या हृदयावर कॅल्शियमचे पांढरे चट्टे आपोआप येतात. १२९ आणि बाल्ब/सी च्या काही उंदरांत मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम अपुरा किंवा गायबच असतो. ए/जे ला वय झालं की फुप्फुसात गाठी येतात. ब्लॅक सिक्सच्या पाठीवर मानेजवळ खाजून खाजून जखमा होतात, क्वचित पिल्लाचं डोकं घुमटासारखं फुगतं, कधी एक डोळा बारीक असतो. यातलं काहीही तुमच्या जीनने केलेलं नसतं. एका कागदावर आपल्या स्ट्रेनच्या या खोडी लिहा आणि बेंचच्या समोर चिकटवा, मी मुलांकडून पहिल्या आठवड्यात हेच करून घेते.

पायरी दुसरी, परवानगी आणि आखणी

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली सीसीएसईए (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती), आणि तुमच्या संस्थेत आयएईसी (संस्थेची प्राणी नैतिकता समिती), फॉर्म बी (परवानगीचा अर्ज) भरल्याशिवाय एकाही उंदराला हात लावायचा नाही हे तुम्हाला माहीत असेलच. मला सांगायचंय ते वेगळं. फॉर्म भरताना कंट्रोलची नेक्रॉप्सी (मेलेला प्राणी उघडून तपासणं), नर आणि मादी दोन्ही, आणि शिकण्यासाठी लागणारे उंदीर हे तिथेच लिहा. शिकायला नवीन उंदीर मागवायची गरज नसते, कॉलनीत नको त्या जीनोटाइपचे (जीनच्या घडणीचे) जास्तीचे उंदीर निघतच असतात, तेच परवानगीने घ्या. आणि पॅथॉलॉजिस्टला याच वेळी भेटा. पुण्यात आयसर, एनसीसीएस, खारघरला अ‍ॅक्ट्रेक अशा संशोधन संस्थांत उंदरांवर रोज काम चालतं, तुमच्या शहरात नसेल तर व्हेटर्नरी कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात जाऊन बसा. सगळे उंदीर मारून झाल्यावर, तीन महिने फॉरमॅलिनमध्ये राहिलेले तुकडे घेऊन आलात तर आम्ही फारसं काही वाचवू शकत नाही हो.

कॉलनीचा हेल्थ रिपोर्टही मागा. पिनवर्म, माउस हेपॅटायटिस व्हायरस, हेलिकोबॅक्टर, यातलं काही असेल तर लिव्हर आणि आतड्यातली सूज तुमच्या जीनच्या नावावर जमा होते.

पायरी तिसरी, जिवंत उंदीर

फिनोटायपिंग म्हणजे मशीनची यादी असं समजू नका, सुरुवात पिंजऱ्यासमोर उभं राहून बघण्याने होते. घरटं बांधलंय का, केस फुगलेत का, पाठ कमानीसारखी वाकलीय का, कोण एकटा कोपऱ्यात बसलाय, वजन दर आठवड्याला त्याच दिवशी त्याच वेळी. मग टेस्ट, आणि त्यांचा क्रम कमी त्रासाकडून जास्त त्रासाकडे, म्हणजे ओपन फिल्ड (मोकळ्या खोक्यात सोडून हालचाल बघणं) आधी, ग्रिप स्ट्रेंथ (पंजाची पकड) नंतर, ग्लुकोज टॉलरन्स (साखर देऊन ती रक्तातून किती लवकर उतरते ते बघणं) त्यानंतर, रक्त सगळ्यात शेवटी. मधे काही दिवस मोकळे सोडा.

शेपटीला धरून उचलू नका. नळीत घेऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर कमी घाबरतात हे २०१० मध्ये नीट दाखवलं गेलंय, आणि घाबरलेल्या उंदराची ओपन फिल्ड म्हणजे फक्त भीतीचं मोजमाप. कोण हाताळतंय यानेही फरक पडतो, पुरुषांच्या वासाने उंदरांचा ताण वाढतो, वेदनेचा प्रतिसाद दबतो, हे २०१४ मध्ये छापून आलंय, म्हणून अर्धे उंदीर एकाने आणि अर्धे दुसऱ्याने असं करू नका, निदान कंट्रोल आणि नॉकआउट वाटून घेऊ नका.

ग्लुकोज टॉलरन्सबद्दल मुलं सगळ्यात जास्त विचारतात. नेहमीचा डोस पोटात इंजेक्शनने किलोला २ ग्रॅम, सोपा हिशोब असा की २० टक्क्यांचं द्रावण करा आणि दर ग्रॅम वजनाला १० मायक्रोलिटर द्या, २५ ग्रॅमच्या उंदराला २५० मायक्रोलिटर. रीडिंग ०, १५, ३०, ६०, १२० मिनिटांना. रात्रभर उपाशी ठेवायचं की चारसहा तास यावर वाद आहे, उंदीर मुख्यतः रात्री खातो, त्यामुळे रात्रभरचा उपास त्याला फार जड जातो आणि वजन चांगलंच उतरतं, मी सकाळी खाणं काढून दुपारी टेस्ट घ्यायला सांगते. काहीही निवडा पण सगळ्यांना तेच. आणखी एक गोष्ट, आपल्याला आरामाचं वाटणारं २२ डिग्री उंदराला थंड असतं, त्याला निवांत वाटतं ते ३० च्या आसपास, म्हणून वजन, चरबी, ऊर्जा यावर काम असेल तर खोलीचं तापमान रोज लिहून ठेवा.

रक्त किती निघतं? २५ ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून दोन मिलीच्या आत, शेवटच्या वेळी हृदयातून काढलं तर पाऊण ते एक मिली मिळतं. सुई बारीक घेऊन जोरात ओढलं तर पेशी फुटतात आणि पोटॅशियम, एएसटी (लिव्हरच्या तपासणीतलं एक एन्झाइम) खोटे वाढतात. गुलाबी सीरम दिसलं की त्यावर तशी नोंद करा.

इथेच भ्रूणांचंही सांगते. हेट बरोबर हेट (जीनची एकच प्रत बंद असलेले दोन उंदीर) क्रॉस केलं आणि आईपासून तोडायच्या वयाला होमोझायगस (दोन्ही प्रती बंद असलेलं) पिल्लू एकही नाही, तर बऱ्याच मुलांना वाटतं आपलं जीनोटायपिंग बिघडलंय. आंतरराष्ट्रीय माउस फिनोटायपिंग कन्सोर्शियमने २०१६ मध्ये १७५१ जीन्सचा हिशोब दिला त्यात ४१० जीन्स असे निघाले की ते नसतील तर पिल्लू जगतच नाही, म्हणजे हे अगदी नेहमीचं आहे. प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारा वीर्याचा घट्ट गोळा) दिसला तो दिवस साडेशून्य धरून साडेबारा, साडेचौदा, साडेअठराव्या दिवशी भ्रूण काढा, मेलेले आणि विरघळत चाललेलेही मोजा, आणि प्लॅसेंटा फेकू नका, कारण पुष्कळ वेळा बिघाड तिथेच असतो.

पायरी चौथी, नेक्रॉप्सी

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे गेलेलं परत मिळत नाही.

आदल्या दिवशी सगळं मांडून ठेवा, कॅसेट्सवर (टिश्यू ठेवायच्या भोकाभोकांच्या डब्यांवर) पेन्सिलने नंबर (पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते), फॉरमॅलिनच्या बाटल्या, वजनकाटा, स्केल, कॅमेरा. एका माणसाने कापायचं, दुसऱ्याने लिहायचं. उंदीर कसा मारला ते लिहा. कार्बन डायऑक्साइड दिला तर फुप्फुसात रक्त साकळलेलं दिसतं, मान निखळवली तर मानेत आणि छातीत रक्त सांडलेलं दिसतं, दोन्ही गोष्टी नंतर कोणीतरी रोग म्हणून वाचतो. सगळ्यांना एकच पद्धत, आणि कंट्रोल आणि नॉकआउट आलटून पालटून, सकाळी सगळे कंट्रोल आणि संध्याकाळी थकल्यावर सगळे नॉकआउट असं अजिबात नको.

आधी वजन, मग बाहेरून बघा, दात, डोळे, कान, त्वचा, गुदद्वार. पोट उघडलं की हात न लावता अर्धा मिनिट नुसतं बघा आणि फोटो काढा. लिहिताना निदान लिहू नका, रंग, माप, जागा, घट्ट की मऊ, एक की अनेक, एवढंच. "लिव्हर खराब" याला काही अर्थ नाही, "डाव्या लोबवर ३ मिलिमीटरचा पांढरट, घट्ट, किंचित वर आलेला ठिपका" यातून मला काहीतरी कळतं.

पॅनक्रिया (स्वादुपिंड) आणि आतडं आधी काढा कारण मेल्यावर काही मिनिटांत त्यांचं आतून विरघळणं सुरू होतं. आतड्यातून सिरिंजने फॉरमॅलिन सोडून मळ काढा, मग उभं चिरून दाताच्या काडीवर गुंडाळा, अळूवडीच्या गुंडाळीसारखं, म्हणजे एका स्लाइडवर अख्खी लांबी दिसते, याला स्विस रोल म्हणतात. उंदराचं पॅनक्रिया माणसासारखं एकसंध नसतं, आतड्याच्या पडद्यात विखुरलेलं असतं, चरबी समजून फेकणारी मुलं मी पाहिलीत. फुप्फुस नुसतं फॉरमॅलिनमध्ये टाकलं तर पिचकून जातं, श्वासनलिकेतून हळू फॉरमॅलिन भरा, छातीत होतं तेवढं फुगलं की थांबा आणि दोऱ्याने बांधा. डावी किडनी उभी कापा, उजवी आडवी, कायम असंच, मग स्लाइडवर कुठली कुठली हे विचारावं लागत नाही. अ‍ॅड्रीनल (किडनीजवळची ग्रंथी) मिलिग्रॅमच्या हिशोबात असते, स्पंजच्या दोन चकत्यांमध्ये ठेवली नाही तर कॅसेटच्या भोकातून जाते. कवटी जपून उघडा आणि मेंदू तसाच आत ठेवून अख्खं डोकं फॉरमॅलिनमध्ये टाका, ताजा मेंदू दाबला ओढला की न्यूरॉन काळे आक्रसलेले दिसतात आणि त्यांना मेलेले न्यूरॉन म्हणून मोजलं जातं. असे पेपर छापूनही येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

लिव्हर, हृदय, किडनी, स्प्लीन, मेंदू, टेस्टिस, यांचं वजन घ्याच. अंदाज म्हणून, मोठ्या नराचा मेंदू साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास, लिव्हर शरीराच्या साधारण ५ टक्के, एकेक टेस्टिस शंभर मिलिग्रॅमच्या जवळपास. आणि शेवटी शेपटीचा तुकडा वेगळ्या ट्यूबमध्ये, जीनोटाइप परत करायला. अदलाबदल झालेले उंदीर याच तुकड्याने सापडतात.

सकाळी पिंजऱ्यात मेलेला उंदीर मिळाला तर? फ्रीजमध्ये ४ डिग्रीला ठेवा आणि लगेच फोन करा. डीप फ्रीझरमध्ये कधीच नको, बर्फाचे स्फटिक पेशी फाडून टाकतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडलेल्या खोलीत चार तासांत आतडं वाचण्यासारखं राहत नाही.

पायरी पाचवी, फॉरमॅलिन

एक लिटर १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉरमॅलिन असं करा: बाटलीतलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर टाकायचा कंटाळा केला तर स्लाइडभर तपकिरी काळे कण येतात, आणि मग मलेरिया की काय म्हणून धावपळ. फॉर्मल्डिहाइडने कॅन्सर होतो, ग्लोव्ह्ज घालून फ्यूम हूडमध्येच काम करा.

टिश्यूच्या निदान दहापट फॉरमॅलिन, तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको, २४ ते ४८ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, विशेषतः पुढे इम्युनोहिस्टो (अँटिबॉडीने प्रथिनं रंगवणं) करायचं असेल तर. छोट्या बाटलीत अख्खा उंदीर कोंबलेला असतो, बाहेरून पांढरा आणि आतून कुजलेला, तसं करू नका. डोळ्याला डेव्हिडसन (टिश्यू टिकवायचं दुसरं द्रावण), टेस्टिसला सुधारित डेव्हिडसन वापरा, साध्या फॉरमॅलिनमध्ये टेस्टिसच्या नळ्या आक्रसतात. हाडं ईडीटीएमध्ये (हाडातलं कॅल्शियम काढणाऱ्या द्रावणात) दोनेक आठवडे, मधेमधे द्रावण बदलत.

पायरी सहावी, स्लाइड वाचणं

पहिल्या महिन्यात एकही नॉकआउट बघायचा नाही हा माझा नियम. दोन नर, दोन माद्या आठदहा आठवड्यांच्या, आणि एक दीड वर्षांची मादी, सगळे निरोगी, सगळे ऑर्गन, एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगवणीच्या) स्लाइड. रोज एक ऑर्गन, आधी डोळ्याने स्लाइड उजेडाला धरून, मग सगळ्यात कमी पॉवरवर, मग वर जायचं. चित्र काढा, कसंही येऊ दे.

मग उंदराच्या गमती कळायला लागतात. लिव्हरच्या पेशींत दोन न्यूक्लियस, काही न्यूक्लियस अवाढव्य, हे वयाबरोबर वाढतं, कॅन्सर नव्हे. फुप्फुसातल्या मोठ्या शिरांच्या भिंतीत हृदयाचा स्नायू दिसतो, तोही नॉर्मल. नराच्या किडनीत बोमन कॅप्सूलच्या (रक्त गाळणाऱ्या गुच्छाभोवतीच्या पिशवीच्या) पेशी चौकोनी असतात आणि मादीत सपाट. नर-मादीची सबमँडिब्युलर लाळग्रंथी शेजारी ठेवली तर दोन वेगळे प्राणी वाटतील. अ‍ॅड्रीनलमध्ये एक्स झोन नावाचा गडद पट्टा असतो, नरात वयात येताना जातो, मादीत पहिल्या गरोदरपणात, म्हणून कुमारी मादी कंट्रोल आणि व्यालेली मादी नॉकआउट अशी तुलना केली की "अ‍ॅड्रीनलचा फिनोटाइप" तयार. नराच्या मूत्राशयात गुलाबी गोळा दिसतो तो मरताना आलेला वीर्याचा प्लग. ब्लॅक सिक्सच्या स्प्लीनमध्ये काळे ठिपके मेलॅनिनचे असतात.

पायरी सातवी, स्कोअर

आधी एकदा सगळं उघड्या डोळ्यांनी, कोण कंट्रोल कोण नॉकआउट माहीत असताना बघा, म्हणजे काय बदललंय ते सापडेल. मग त्या बदलासाठी ० ते ४ असे टप्पे शब्दांत लिहा, "थोडं, मध्यम, जास्त" असं नको, "लोबच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी भागात" असं मोजता येईल असं. मग दुसऱ्याला सांगून नंबर झाकून घ्या आणि स्कोअर करा, आठवड्याने त्याच स्लाइड परत स्कोअर करा. दोन्ही वेळा जुळत नसेल तर टप्प्यांची भाषा सुधारा. नावं मनाने देऊ नका, उंदीर-रॅटच्या जखमांसाठी इनहँड नावाची ठरलेली परिभाषा आहे, फिनोटाइपच्या शब्दांसाठी जॅक्सनचा एमजीआय डेटाबेस फुकट उघडतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलंच. तिने लिटरमेट कंट्रोल घेऊन परत सहा-सहा उंदीर केले, नर-मादी दोन्ही, या वेळी वजनांसकट. स्प्लीन दोघांच्या सारख्याच निघाल्या. नॉकआउट नरांच्या किडन्या मात्र प्रत्येक वेळी हलक्या भरल्या, आणि पहिल्या खेपेला तिने किडनी कापलीच नव्हती. आता तिचं सगळं काम किडनीवर चाललंय आणि कंट्रोलचे ब्लॉक्स (पॅराफिन मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे) तिने लेबल लावून थंड खोलीतल्या कपाटात ठेवलेत, पत्र्याच्या छताखालच्या स्टोअरमध्ये ठेवू नका, मेच्या उन्हात पॅराफिन मऊ होऊन ब्लॉक एकमेकांना चिकटतात.